आजोबांची टॅबलेट

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

लोणावळ्याच्या बाजारातून रिकाम्या हातानं परतलेला पाहुणा मी तरी अजून पाहिलेला नाही. पिशवीत चिक्की असतेच, आणि तिच्या शेजारी बहुतेक वेळा फजचा एक पुडा असतो. चिक्की आपली, फज साहेबाचा, अशी आपण मनात वाटणी करून टाकलेली असते. आज मला या साहेबाच्या पदार्थांविषयी बोलायचं आहे. ते आपल्या घाटात कसे आले, ते नेमके कुठले, आणि आपण त्यांचं काय केलं? बोलता बोलता माझ्या आजोबांचा विषय निघणार आहे. एका पदार्थाच्या बाबतीत आम्ही घरच्यांनी त्यांच्यावर अन्याय केला, आणि तो अन्याय होता हे मला कळायला ते गेल्यानंतर ३९ वर्षं लागली.

आमचं गाव मावळातलं, कार्ल्याच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. आजोबा तरुणपणी खंडाळ्याला रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला लागले. सुरुवात मशालची म्हणून. मशालची म्हणजे मशाल धरणारा नव्हे. साहेबाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, कांदे-बटाटे सोलायचे, चूल पेटती ठेवायची, ही मशालचीची कामं. त्याच्या वर कुक आणि सगळ्यांच्या वर बटलर. कुक गोव्याचा होता. तो म्हातारा होऊन गावी परत गेला तेव्हा आजोबांना त्याची जागा मिळाली. १९४७ साली साहेब विलायतेला गेला आणि आजोबा गावी येऊन भातशेती बघू लागले. मी त्यांना पाहिलं ते शेतकरी म्हणूनच.

पण दर दिवाळीत एक दिवस ते पुन्हा कुक होत. मोठी पितळी कढई स्वतः घासून घेत, बायकांना चुलीपासून दूर व्हायला सांगत आणि दूध, साखर, लोणी एवढ्याच सामानातून एक गोड पदार्थ करत. त्याच्या वड्या पडत. रंग पिवळसर तपकिरी. दाताखाली आधी कट्‌ असं मोडायचं, मग रवाळ लागायचं आणि मग विरघळून जायचं. आजोबा त्याला 'टॅबलेट' म्हणत. आम्हा पोरांना वाटायचं, औषधाच्या गोळीसारखी जपून, मोजून देतात म्हणून टॅबलेट!

माझी काकू लग्न होऊन आली ती लोणावळ्याची. १९६० नंतरच्या एका दिवाळीत तिनं माहेराहून बाजारातला फज आणला. मऊ, गुळगुळीत, सुरी रुतावी असा. दोन्ही पदार्थ एका ताटात आले आणि काकू हसत म्हणाली, "मामंजी, तुमचा फज फसतोय बरं का." तेव्हापासून घरात आजोबांच्या टॅबलेटचं नाव 'फसलेला फज' असं पडलं. मी तेव्हा आठवीत. शाळेत नुकतं स्फटिकांविषयी शिकलो होतो. मी आजोबांना ऐटीत समजावून सांगितलं की तुमची साखर दाणे धरते, म्हणून तो रवाळ होतो. आजोबा एवढंच म्हणाले, "आरं, ही टॅबलेटच हाय. मडमबाई अशीच करायची." दोन-तीन दिवाळ्यांनंतर त्यांनी ती करणं सोडून दिलं. १९७२च्या दुष्काळात ते गेले.

आता थोडं मागं जाऊ. घाटात हे पदार्थ आले कसे?

विलायती खाण्याचा रस्ता मावळात मोकळा केला तो रेल्वेनं. बोरघाटाचं काम १८५६ साली सुरू झालं. पुणे ते खंडाळा हा सपाटीचा मार्ग १४ जून १८५८ला खुला झाला, पण घाटातला मार्ग तयार व्हायला २१ एप्रिल १८६३ उजाडला. मधली जवळजवळ पाच वर्षं मुंबईहून आलेला प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. म्हणजे खंडाळ्याला थांबणं आलं, आणि थांबणं आलं की खाणं आलं. घाटाच्या कामावर ऐन भरात ४० हजारांवर मजूर होते. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथं आला आणि काही आठवड्यांतच आजारानं मेला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट सोडलं नाही, अभियंत्यांच्या मदतीनं ते तडीला नेलं. घाटातून जाताना मला या बाईची नेहमी आठवण येते. रेल्वेच्या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात. म्हणजे चिक्की आणि साहेबाचं खाणं ही दोन्ही एकाच रुळांवरून आली म्हणायची.

रेल्वे झाल्यावर बंगले झाले. रेल्वेचे अधिकारी, मुंबईचे व्यापारी, पारशी शेटजी, मिशनरी, हवापालटाला येणारे आजारी लोक. पुढे टाटांची धरणं झाली, १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, त्यासाठीही परदेशी अभियंते आले. प्रत्येक बंगल्याला स्वयंपाकघर, आणि प्रत्येक स्वयंपाकघरात मावळातला एखादा मशालची.

या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, विलायती. गंमत अशी की विलायत या अरबी शब्दाचा मूळ अर्थच मुळी प्रांत, सुभा असा आहे. आणि साहेबाच्या जेवणाची खरी ओळख प्रांतवारच पटते. परदेशी माणूस 'इंडियन करी' म्हणतो तेव्हा आपल्याला हसू येतं. कोल्हापूरचा रस्सा कुठं आणि केरळची अवियल कुठं! पण आपणही साहेबाचं जेवण म्हणजे एकच काहीतरी, असं धरून चालतो. आजोबा ज्याला 'इष्टू' म्हणत ते मुळात आयर्लंडच्या गरीब शेतकऱ्याचं जेवण. मटणाचे स्वस्तातले तुकडे, बटाटा, कांदा आणि पाणी. आपल्याकडे येऊन त्यात मिरी आली, आलं आलं. 'कटलीस' हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ बरगडीचा तुकडा. आपल्याकडे त्यातली बरगडी गेली, मटणही ऐच्छिक झालं आणि ब्रेडच्या चुऱ्यात घोळलेला बटाटा राहिला. बटाटा तर त्याहून जुना पाहुणा. इंग्रजांच्या कितीतरी आधी पोर्तुगीजांनी तो आणला आणि नावही त्यांचंच राहिलं. पाव त्यांचा, कोबी हा शब्दही त्यांचाच. कर्जतला गाडी थांबल्यावर आपण जो वडापाव खातो, त्यातल्या वडा आणि पाव या दोघांच्याही पोटात पोर्तुगाल आहे.

पुण्यातल्या लोकांना प्रांतवार ओळख पटवायला दुसरं उदाहरण द्यायची गरज नाही. श्रूजबेरी बिस्किटं! श्रूजबेरी हे इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळचं एक जुनं गाव. तिथल्या या खुसखुशीत बिस्किटांची कृती १६५८ सालच्या एका इंग्रजी पाकपुस्तकात छापलेली आहे. पुण्यात लष्कर भागातल्या कयानी बेकरीनं, म्हणजे इराणी मालकांच्या दुकानानं, १९५५ पासून तिचा असा दबदबा निर्माण केला की आज आपल्याला श्रूजबेरी म्हणजे पुण्याचंच काहीतरी वाटतं. वेल्सच्या सीमेवरचं गाव, इराणी भट्टी आणि रांग लावणारे पुणेकर.

डेक्कन क्वीनचं चीज टोस्टही असंच. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि तिचा भोजनयान हा डबा तेव्हापासून नावाजलेला आहे. मी काही वर्षं लोणावळ्याहून मुंबईला नोकरीसाठी जायचो. सकाळी गाडी फलाटाला लागली की त्या डब्यासमोर उभं राहण्यासाठी आम्ही दोघंतिघं मुद्दाम पुढं चालत जायचो. टोस्टचा वास फुकट मिळायचा! भाजलेल्या पावावर वितळलेलं चीज हा प्रकार ब्रिटनमध्ये इतका जुना आहे की हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात त्याच्या स्कॉटलंडच्या, वेल्सच्या आणि इंग्लंडच्या अशा वेगवेगळ्या कृती आहेत. वेल्सवाले त्यावर मोहरी चोळत, इंग्लंडवाले आधी पाव लाल वाइनमध्ये भिजवत. भोजनयानात मोहरीच्या जागी टोमॅटो सॉस आला. कुणाची तक्रार नाही.

आजोबांकडून मी सगळ्यात जास्त ऐकलं ते राइस पुडिंगबद्दल. तुम्ही म्हणाल, तांदळाची खीर, त्यात काय! फरक आहे. आपण खीर सतत ढवळतो, बुडाला लागू देत नाही आणि वर साय धरली तर ती मोडून आत मिसळतो. साहेबाचं राइस पुडिंग ढवळायचंच नाही. थोडे तांदूळ, भरपूर दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ घालून ते मंद आचेच्या भट्टीत दीड-दोन तास ठेवून द्यायचं. वर जी तपकिरी साय धरते तिच्यासाठी साहेबाची पोरं भांडत. बंगल्यातली भट्टी नीट चालत नसे तेव्हा आजोबा नानकटाईसारखे खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून ते भाजत. तांदूळ मात्र लांब दाण्याचा चालत नाही. आखूड, चिकट, दूध पिऊन फुगणारा लागतो. म्हणजे आपला आंबेमोहोर! मडमबाई पहिल्यांदा मुंबईहून आणलेला तांदूळ वापरायची. एकदा तो संपला म्हणून आजोबांनी घरचा आंबेमोहोर नेला, आणि त्यानंतर बंगल्यात दुसरा तांदूळ आला नाही, असं ते सांगत. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आता मावळात आंबेमोहोर थोडा उरला आहे. त्याची जागा इंद्रायणीनं घेतली. हा वाण १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला आणि तो आंबेमोहोराच्याच रक्ताचा आहे. इंद्रायणीचं राइस पुडिंग मी करून पाहिलं आहे. उत्तम होतं.

हे पुडिंग किंवा इष्टू आमच्या घरात कधीही शिजलं नाही. आजी माळकरी. इंद्रायणीच्या काठानं खाली गेलं की देहू, आणि दर एकादशीला तिचे डोळे त्या दिशेला. आजोबा शनिवारी बंगल्यावरून घरी यायचे तेव्हा आधी विहिरीवर आंघोळ, कपडे बाहेर दांडीवर, मग उंबरठा. साहेबासाठी त्यांनी आयुष्यभर मटण भाजलं, अंडी फेटली, आणि घरी आल्यावर त्याचा उल्लेखही केला नाही. बंगल्यातले बहुतेक गोड पदार्थ अंड्याचे. कॅरमल कस्टर्ड अंड्याचं, केक अंड्याचा, पुष्कळशी पुडिंगं अंड्याची. टॅबलेट हा एकच पदार्थ निव्वळ दूध, साखर आणि लोण्याचा. म्हणून तोच तेवढा उंबरठ्याच्या आत येऊ शकला. तोही साहेबाच्या भांड्यातून नाही, आमच्या कढईत, आमच्या म्हशीच्या दुधाचा. आजोबांनी एकदा व्हॅनिलाच्या अर्काची बाटली आणली होती. आजीनं बूच काढून वास घेतला आणि "यात दारू हाय" म्हणून ती परत दिली. तिचं नाक बरोबर होतं. व्हॅनिलाचा अर्क मद्यार्कातच काढतात. मग टॅबलेटमध्ये वेलदोडा आला.

आता त्या 'फसलेल्या फज'चं शास्त्र सांगतो. आठवीतल्या माझ्या शहाणपणाची ही भरपाई समजा.

आपल्या बायकांना पाकाच्या पायऱ्या पुस्तकाविना ठाऊक असतात. एकतारी, दोनतारी, मग गोळीबंद. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला आणि त्याची बोटांत मऊ गोळी वळली की तो गोळीबंद. साहेबाच्या थर्मामीटरवर हा आकडा साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअस येतो. फजचा पाक इथं थांबवतात. त्याच्या पुढं आच देत गेलं, पाणी आणखी उडालं, की १४०-१५०च्या आसपास तो पाक पाण्यात टाकल्यावर कडक होऊन कट्‌कन मोडतो. तो चिक्कीचा पाक. म्हणजे लोणावळ्याच्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेले हे दोन पदार्थ एकाच वाटेवरचे दोन मुक्काम आहेत. चिक्कीत साखरेला स्फटिक बनायला उसंतच मिळत नाही, ती काचेसारखी गोठते. गुळात मुळातच अशा शर्करा असतात की त्या साखरेला दाणे धरू देत नाहीत, म्हणून चिक्कीला गूळ फार सोयीचा.

फजमध्ये मात्र स्फटिक हवेतच, फक्त ते जिभेला कळू नयेत इतके बारीक हवेत. त्यासाठी पाक उतरवून हात न लावता पार कोमट होऊ द्यायचा आणि मग जोरानं घोटायचा. थंड पाकात एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक तयार होतात, ते एकमेकांना वाढू देत नाहीत, आणि पदार्थ लोण्यासारखा लागतो. पाक गरम असतानाच घोटला तर थोडे स्फटिक होतात आणि ते मोठे होत जातात. पदार्थ रवाळ आणि ठिसूळ होतो. आजोबा नेमकं हेच करायचे. पाक फजपेक्षा थोडा पुढं न्यायचा आणि कढई खाली उतरवली की लगेच, हात भाजेपर्यंत, घोटायला सुरुवात. घोटता घोटता कढईच्या कडेला दाणे दिसू लागले की एका दमात परातीत ओतायचं.

यात लोणावळ्याच्या हवेचीही एक मेख आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. इथं पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळं पाकाच्या सगळ्या पायऱ्याही दोनेक अंश अलीकडं सरकतात. इंग्रजी पुस्तकातला आकडा गाठायला गेलं तर पाक पुढं जातो. दुसरीकडं पावसाळ्यात हवेतला ओलावा साखर ओढून घेते, म्हणून पाक थोडा कडक करावा लागतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडणाऱ्या गावात या दोन गोष्टींचा मेळ थर्मामीटरनं बसत नाही. साहेबाच्या बंगल्यावर थर्मामीटर होतं. आजोबा ते वापरत नसत, वाटीत गार पाणी घेऊन बसत. मडमबाईनं पुढं पुढं ते कपाटातून काढणंच सोडलं म्हणे.

आता फजचा इतिहास ऐका. तो आपण समजतो तितका विलायतेचा नाहीच. त्याचा पहिला पक्का लेखी पुरावा अमेरिकेत सापडतो. १८८६ साली बाल्टिमोर शहरात तो ४० सेंटला पौंड या भावानं विकला जात होता. तिथून ती कृती व्हॅसर या मुलींच्या कॉलेजात पोचली आणि १८८८ साली एका विद्यार्थिनीनं कॉलेजच्या लिलावासाठी ३० पौंड फज केला, असं तिनंच पत्रात लिहून ठेवलं आहे. मुलींच्या वसतिगृहांतून तो पसरला. मग ब्रिटननं तो उचलला. डेव्हन आणि कॉर्नवॉल या दुधातुपाच्या प्रांतांनी त्यात आपली घट्ट साय घातली आणि तो त्यांचा झाला. लोणावळ्यात पारशी कूपर घराण्याच्या दुकानानं त्याला नाव मिळवून दिलं, आणि आज बाजारात अक्रोड घातलेला, चॉकलेटचा, हरतऱ्हेचा फज मिळतो. पण फज या शब्दाचा इंग्रजीत जुना अर्थ काय माहीत आहे? थापेबाजी, कशीतरी जुळवाजुळव. कुणाचातरी दुसराच पदार्थ बिघडला आणि त्यातून फज झाला, म्हणून हे नाव, अशी एक आख्यायिकाही आहे. फसलेला कोण, हे काकूला आता सांगायला हवं, असं हे वाचताना माझ्या मनात आलं होतं.

आणि टॅबलेट? ती वेगळीच आहे, आणि फजहून निदान दीडशे वर्षांनी म्हातारी. स्कॉटलंडमधल्या लेडी ग्रिझेल बेली या बाईंनी १६९२ ते १७३३ या काळात घरखर्चाच्या वह्या ठेवल्या. त्या पुढं छापल्या गेल्या आणि टॅबलेटचा जुना उल्लेख म्हणून त्यांचाच दाखला देतात. आधी ती साखर आणि साय यांची असे. साय टिकत नाही, म्हणून पुढं लोणी आणि डब्यातलं आटवलेलं दूध आलं. या डब्यातल्या दुधाचं पेटंट अमेरिकेत १८५६ साली घेतलं गेलं, म्हणजे आपल्या घाटाचं काम सुरू झालं त्याच वर्षी.

स्कॉटलंडसारख्या थंड, खडकाळ देशात इतकी साखर आली कुठून? ग्लासगोजवळच्या ग्रीनॉक बंदरात १७६५ पासून साखर शुद्ध करण्याचे कारखाने होते. कच्ची साखर यायची कॅरिबियन बेटांवरून, आणि तिथल्या मळ्यांवर १८३४ सालापर्यंत आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम राबत होते. तिथल्या लोकांच्या जिभेला गोडाची सवय लागली तिच्यामागं हा इतिहास आहे, तो गिळून टाकता येत नाही.

हे सगळं मला कळलं ते २०११ साली. माझी मुलगी नोकरीनिमित्त ग्लासगोला होती, तिच्याकडं मी दोन महिने राहिलो. एके दिवशी पावसातून चालताना, पाऊस तर तिथंही लोणावळ्यासारखाच चिकट, आम्ही एका छोट्या दुकानात शिरलो. काउंटरवर पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या पिवळसर तपकिरी वड्या. वर छापलेलं होतं, टॅबलेट. मी एक विकत घेतली आणि तिथंच उभ्यानं तोंडात टाकली. कट्‌ असं मोडलं, रवाळ लागलं, विरघळलं. वेलदोडा तेवढा नव्हता. मुलगी विचारत होती, "बाबा, काय झालं?" मला काही सांगता येईना. दुकानातल्या बाईंना मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, हा फजच ना? त्या जवळजवळ रागावल्याच. नाही, टॅबलेट ही टॅबलेट असते, फज मऊ असतो! आजोबा आम्हाला दुसरं काय सांगत होते?

म्हणजे खंडाळ्याची ती मडमबाई स्कॉटलंडची असणार. आमच्या घरात तिला सगळे 'इंग्रज मडम' म्हणत. आपल्या आईकडून शिकलेली एक वडी तिनं मावळातल्या एका पोराला शिकवली, आणि त्यानं ती जशीच्या तशी राखली. आम्ही ती दुसऱ्याच पदार्थाच्या मापानं मोजली. खरं तर रवाळपणा आपल्या जिभेला नवा नाही. सातारचा कंदी पेढा रवाळच असतो, कलाकंद रवाळ असतो, आणि त्याला कुणी फसलेला म्हणत नाही. पण दुकानातला गुळगुळीत फज समोर आला आणि आम्हाला आमचीच जीभ खोटी वाटली.

परत आलो तो भाद्रपदात, पितृपंधरवडा तोंडावर आलेला. ग्लासगोहून आणलेली पाकिटं घेऊन थेट काकूकडं गेलो. काकू तेव्हा सत्तरीच्या पुढं. तिनं एक वडी मोडून तोंडात टाकली आणि डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "अगोबाई, ही तर मामंजींची." मी तिला ग्लासगोची सगळी हकिकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिनं विचारलं, "तिकडं केवढ्याला देतात?" मी आकडा रुपयांत करून सांगितला, तर तिनं उरलेली पाकिटं उचलून आपल्या डब्यात ठेवून दिली.

आजोबांच्या श्राद्धाच्या पानावर टॅबलेट ठेवायची, आणि ती घरी केलेलीच ठेवायची, असं तिनं ठरवलं. एक किलो साखर, एक लिटर म्हशीचं दूध आटवून निम्म्याच्या खाली, सव्वाशे ग्रॅम लोणी, चार वेलदोडे. हे माप मी आठवून आठवून सांगितलं. कढई तीच, आजोबांची. बाहेर पाऊस धो धो. काकूनं वाटीत गार पाणी घेऊन गोळी पाहिली, कढई उतरवली, आणि हात भाजेल म्हणून पाक थोडा निवू दिला. मग घोटला, परातीत ओतला आणि आम्ही वाट बघत बसलो.

तासाभरानं तिनं सुरी घातली. ती सरळ आत रुतली. वडी मऊ, गुळगुळीत झाली होती, अगदी दुकानातल्या फजसारखी. काकू त्या परातीकडं बघत म्हणाली, "मामंजी, माझी फसली हो." आणि दुसऱ्यांदा साखर मोजायला उठली.